साल्व्हियाचा पावसाळा

आमच्या भागात साल्व्हिया मरते ती पाण्याने. उन्हाने नाही, थंडीने नाही, किडीने तर क्वचितच. आता एखादा पाहुणा बागेत उभा राहून विचारतो तेव्हा मी हे सहज सांगून टाकते, पण हे एक वाक्य मिळवायला मला एक आख्खा पावसाळा आणि पाच झाडं लागली. कर्जतकडून खालापूरकडे येताना बंगल्यांच्या कुंपणांना लागून दसऱ्याच्या सुमाराला निळ्या तुऱ्यांची जी रांग दिसते, तिच्यातली बरीचशी रोपं माझ्या हातची आहेत. अरुंद करडी-हिरवी पानं, पीठ भुरभुरल्यासारखा दांडा, त्याच्या टोकाला वीतभर निळा तुरा आणि त्यावर दिवसभर मधमाश्या. एकदा नीट जगवलं तर तीन वर्षं, कधी चार वर्षंही टिकणारं हे झाड. मात्र मी अठरा वर्षांची होते तेव्हा आमच्याकडे ते कोणाच्याच बागेत एका हंगामापेक्षा जास्त टिकल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा देऊन मी मोकळी होते. आई जुन्या हायवेवरच्या हमीदचाचांच्या नर्सरीत पिशव्या भरायला जायची, नऊ वर्षं जात होती. घरी बसून काय करणार म्हणून मीही तिच्याबरोबर जायला लागले. आमचं घर लोधिवलीच्या अलीकडे, तिथून नर्सरी पाऊण तास चालत. आई पुढे, मी मागे, दोघींच्या हातात डबे. नर्सरीत शिरलं की आधी आवाज यायचा तो पिशव्यांचा. माती, शेणखत आणि वाळू पाटीत कालवायची, काळी प्लॅस्टिकची पिशवी उघडायची, दोन ओंजळी भरायच्या, जमिनीवर दोनदा आपटायची, परत एक ओंजळ. थप-थप, थप-थप. आठ बाया एका लयीत. आंब्याखाली जमिनीवर बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. आईच्या बोटांची टोकं वाळूने इतकी गुळगुळीत झाली होती की सुई ओवताना दोरा तिच्या हातातून निसटायचा.

बाया जमिनीवर बसत आणि पुरुष ओट्यावर. हिरव्या जाळीच्या शेडखाली गुडघाभर उंचीचा सिमेंटचा ओटा होता, त्यावर गोणपाट अंथरलेलं. तिथे बसून दोन-तीन पुरुष कलमं करायचे, फांद्या कापून रोपं लावायचे, गुलाबाचे डोळे भरायचे. बाईने ओट्यावर बसू नये असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. कोणी बसलीच नव्हती, एवढंच. मी पहिल्या दिवसापासून तिकडे बघत होते. माती भरणं हे काम आणि झाड करणं ही विद्या, असा फरक तिथे होता आणि मला दुसरं हवं होतं. घरी येऊन मी शाळेच्या उरलेल्या वहीत लिहून ठेवलं, की कोणती फांदी किती लांबीची कापतात, किती पानं ठेवतात, किती दिवसांनी पिशवीत हलवतात. याद्या करायची माझी खोड तेव्हापासूनची. धाकट्या बहिणी आजही म्हणतात, ही बाजारात जाताना यादी करते आणि यादी कुठे ठेवली त्याचीही यादी करते. म्हणोत.

ओट्यावरचा मुख्य माणूस पांडूदादा. देशावरचा, कुठल्यातरी कोरड्या गावचा. तिथे माणसाला प्यायला नाही तिथे झाडाला कुठलं, असं तो सांगायचा. कामाची शोधाशोध करत घाट उतरून आला आणि इथलं पाणी बघून इथलाच झाला. कलम बांधायला त्याच्यासारखा हात नाही. बोलायला तिखट. दुपारी आम्ही बाया डबे उघडायचो. तांदळाची भाकरी, सुकट, कधी वालाचं बिरडं. आणि तो ओट्यावरून ओरडायचा, "ए, त्या सुकटीचा वास हिकडं नका पाठवू, माझा गुलाब कोमेजतुया!" मग आई म्हणायची, "गुलाब कोमेजतोय का तुमच्या तोंडाला पाणी सुटलंय?" आणि डब्याच्या झाकणावर चमचाभर सुकट त्याच्याकडे जायची. त्या दिवसांत ठाकुरवाडीकडची एक बाई डोक्यावर शेवळांची रानभाजी घेऊन हायवेला यायची. ती आली की चाचांच्या घरून निरोप यायचा, आमच्यासाठी पण घ्या आणि साफ करून द्या. शेवळाची खाज कशी मारायची ते आईलाच ठाऊक. बदल्यात चाचांच्या घरून सांदणं यायची, पांढरीशुभ्र, नारळाच्या रसाची. मी अजूनही सांदण खाल्लं की मला प्लॅस्टिकच्या पिशवीचा वास येतो, त्याला इलाज नाही.

नर्सरीच्या कोपऱ्यात साल्व्हियाची बारा झाडं होती. हिवाळ्यात घाटावरून आणलेल्यांपैकी न विकली गेलेली. वाढून लांब झालेली, मध्येच लाकडासारखी, टोकाला चार निळी फुलं. पांडूदादा त्यांना पाणी घालत होता पण त्याचं लक्ष नव्हतं.

मी विचारलं, "दादा, ह्यांचं आता काय करणार?"

"काय करायचं? पाऊस लागला की जात्यात ती. हे झाड हितलं न्हाई, पोरी. हिवाळ्यात घाटावरनं आणायचं, इकायचं, उरल्यालं मरू द्यायचं."

"मरताना कशाने मरतात ते बघता तरी का?"

आंब्याखालून आई म्हणाली, "वैजे, तोंड आवर गं."

पांडूदादा हसला. "असू द्या, असू द्या. मास्तरीणबाई हायत ह्या. बघा की मग तुमीच."

हमीदचाचा नळाखाली हातपाय धूत होते, नमाजाची वेळ झालेली. ते ऐकत होते हे मला दिसलं आणि म्हणूनच मी मोठ्याने म्हणाले, "चाचा, ही बारा मला द्या. गणपतीपर्यंत जगवून परत आणते."

"आणि आणलीस तर?" चाचांनी नळ बंद केला.

"तर मला ओट्यावर बसायचंय. कलमं करायला."

थप-थप थांबली. सात बाया माझ्याकडे बघत होत्या आणि आठवी, माझी आई, जमिनीकडे. चाचांनी टॉवेलने हात पुसले, अगदी सावकाश. ते वाईट माणूस नव्हते, फक्त त्यांना असलं काही कोणी विचारलं नव्हतं. "मेरे को क्या," ते शेवटी म्हणाले, "ओटा पांडूच्या हातात हाय. काय रं पांडू?"

"बारा आणली तर माझ्या शेजारी जागा देतो," पांडूदादा म्हणाला. "पर बारा हां. अकरा न्हाई. न्हाईतर पुन्हा ओट्याचं नाव काढायचं न्हाई."

संध्याकाळी बाबांच्या ओळखीच्या टेंपोतून बारा पिशव्या घरी आल्या. आई घराच्या पायरीवर बसून पायाची धूळ झटकताना म्हणाली, "नऊ वरसं आमी तिथं बसतोय. तू हरलीस तर त्या सगळ्या माझ्याच तोंडाकडं बघतील." मी म्हटलं, हरणार नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं ही आता रागावणार, पण ती उठून भात टाकायला गेली.

झाडं अंगणात तुळशीच्या दोन्ही बाजूंना लावली. जागा मीच निवडली, ऊन चांगलं म्हणून. बाबांनी भाताच्या शेताला घालतात तसा चारी बाजूंनी मातीचा बांध घालून दिला. बाबा आयुष्यभर भात केलेला माणूस, पाणी अडवून धरणं हीच त्यांची माया. पलीकडे पडवीच्या पायात टाकायला आणलेला मुरूम ढीग होऊन पडला होता. एका झाडाला जागा पुरली नाही म्हणून त्याची पिशवी मी त्या ढिगावर टेकवून ठेवली आणि उद्या लावू म्हणून विसरले. हा विसराळूपणा माझ्या स्वभावात नाही, वहीत त्या दिवशीच्या पानावर 'बारावे – उद्या' असं लिहिलेलं आहे. पण उद्या आलाच नाही आणि त्याबद्दल मी जन्मभर ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने एक पान चुरडून वास घेतला. दांडा बोटांत फिरवला, तो चौकोनी लागला. तुरा बघितला. मग आत जाऊन हळदकुंकू घेऊन आली. "अगं, ही तर निळी तुळस हाय," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने त्यात शंकेला जागाच नव्हती. वनस्पतिशास्त्र मी पुढे शिकले तेव्हा कळलं की तिचं फार चुकलंही नव्हतं, दोन्ही एकाच कुळातल्या. पण त्या दिवसापासून अकरा साल्व्हियांचं नशीब तुळशीशी बांधलं गेलं. आई रोज आंघोळ करून ओलेत्याने तुळशीला तांब्याभर पाणी घालायची, आता त्या अकरांनाही प्रत्येकी एक तांब्या सुरू झाला. पाऊस लागला तरी तांब्या चालूच. डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, वरून धो-धो, आणि आई तुळशीला पाणी घालते आहे हे दृश्य आमच्या आळीत प्रत्येक घरी दिसायचं. देवाचं पाणी वेगळं आणि आभाळाचं वेगळं. मलाही त्यात काही खटकलं नाही. वहीत रोज लिहीत होते, 'सर्व ठीक'.

आषाढाच्या मध्याला पहिल्या झाडाने मान टाकली. भर पावसात पान सुकल्यासारखं लोंबत होतं. मला पांडूदादाची पद्धत माहीत होती, पान लोंबलं की पाणी आणि शेणकाला. मी दोन्ही दिलं. चार दिवसांत ते गेलं. मग दुसरं, मग तिसरं. पाचवं गेलं त्या सकाळी मी ते उपटून हातात धरलं आणि वास घेतला. आंबलेल्या, विसरलेल्या ताकाचा वास. मुळं काळी, बोटाने ओढली तर साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा. बांधाच्या आत घोट्याएवढं पाणी साचलेलं. मी पायरीवर बसून वही काढली आणि 'सर्व ठीक' लिहिणाऱ्या स्वतःच्या हस्ताक्षराकडे बघत राहिले. बाबा म्हणाले, "जाऊ दे गं, घाटावरचं झाड ते." सगळे हेच म्हणत होते. त्या क्षणी मी हरले होते आणि ते मला माहीत होतं. बारा आता होणारच नव्हती.

आणि मग शेळी ओरडली. आमची शेळी दावं सोडवून मुरमाच्या ढिगावर चढून बसली होती, पावसात तिला कोरडी जागा हीच. तिला हाकलायला गेले तर तिच्या पायाशी ती बारावी पिशवी आडवी पडलेली. कधीतरी शेळीने शेंडे खुडले होते, वास न आवडून थुंकलेही होते, शेजारी वाळून पडले होते. झाड जेमतेम वीतभर राहिलेलं. पिशवी फाटून मुळं बाहेर मुरमात घुसलेली. आणि त्या वीतभर खुंटावर, बुंध्यापासून वरपर्यंत, प्रत्येक पेरावर दोन-दोन नवे कोंब. हिरवेगार, ताठ. त्याला दोन महिने कोणी पाणी घातलं नव्हतं, कोणी खत दिलं नव्हतं, कोणी हळदकुंकू वाहिलं नव्हतं. मी शेळीला मिठी मारली. ती ओली होती, मीही ओली होते.

वहीचं नवीन पान घेतलं. डाव्या बाजूला मेलेली पाच आणि त्यांना काय मिळालं. उजव्या बाजूला जगलेलं एक आणि त्याला काय मिळालं. उजवी बाजू जवळजवळ कोरी होती, तेच उत्तर होतं. उरलेली सहा झाडं अजून उभी होती, दोघांची पानं लोंबायला लागलेली. ती आजच्या आज वीतभर कापून मुरमावर हलवायची. मी भातकापणीचा विळा काढला तेवढ्यात आई दारात आली.

"काय करतेस?"

"कापतेय."

"तुळशीला विळा लावशील? आन् आज रविवार हाय. रविवारी तुळशीचं पान तोडत नाय, तू खुंटच कापायला निगालीस?"

"आई, ती तुळस नाही."

"तुला काय म्हायती? मी दोन महिने पाणी घालतेय तिला."

"तेच तर मरायला कारण आहे!"

हे मी बोलायला नको होतं. आईचा चेहरा पडला. मी अठरा वर्षांची होते आणि बरोबर होते, आणि त्या वयात बरोबर असण्यापुढे काही दिसत नाही. ती खाली उतरली, मी उपटून टाकलेलं पाचवं झाड उचललं, मुळं चाचपली. वास घेतला. बराच वेळ. ती भात लावणारी बाई, मूळ सडलेलं रोप तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग तिने ढिगावरच्या शेळीने खाल्लेल्या झाडाकडे बघितलं, त्याचे कोंब मोजल्यासारखे बोटाने शिवून बघितले.

"उद्या सोमवार," ती म्हणाली. "उद्या काप. आज नाय. एक दिवसानं मरणार नाय ती."

"मरतील ना पण—"

"वैजे. उद्या."

सोमवारी सकाळी ती आंघोळ करून आली. तुळशीला पाणी घातलं, त्या सहांना नाही. त्यांच्यासमोर उभी राहिली, हात जोडले. तुळशीचं पान तोडताना आधी तिची परवानगी मागतात, टिचकी वाजवून तिला जागं करतात. आईने प्रत्येक झाडापाशी टिचकी वाजवली आणि म्हणाली, "बाय गं, राग धरू नकोस. तुज्या भल्याचं हाय." मग माझ्या हातातून विळा घेतला, पहिल्या झाडाचा दांडा डाव्या मुठीत धरला आणि एका ओढीत कापला. वीतभर ठेवून, बरोबर कोंबाच्या वर, तिरपा. पाणी टिकू नये म्हणून तिरपा कापायचा हे मी ओट्यावरच्या पुरुषांकडून दुरून बघून वहीत लिहिलं होतं. आईने कोणाला विचारलं नव्हतं. नऊ वर्षं तीही त्या आंब्याखालून ओट्याकडेच बघत होती, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं सगळं शिस्तीत झालं, कारण आता काय करायचं ते माहीत होतं. मुरमाचा ढीग फावड्याने पसरून उताराची गादी केली. बाबा म्हणाले, "पायात टाकायचा हाय तो." आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबल तुमची पडवी." सहा खुंट आणि शेळीचं एक, अशी सात त्यावर लावली, बुंध्याशी माती न दाबता. खत नाही. कापलेले शेंडे फेकले नाहीत. बोटभर लांबीचे तुकडे केले, खालची पानं काढली, आणि गिरणीतून आणलेल्या तुसाची राख वाळूत कालवून त्यात पडवीच्या आडोशाला खोचून दिले, चाळीस. मध्ये आठ दिवस उघडीपच नव्हती, तेव्हा आईने माळ्यावरून जुनं इरलं काढलं. लावणीला बाया पाठीवर घेतात ते बांबूचं आणि पानांचं, आता कोणी वापरत नाही. ते चार काठ्यांवर उभं केलं, पाणी बाजूला निथळायचं, खालून वारा खेळायचा. हल्ली मी त्याच कामाला चांगल्या प्रतीची जाळी वापरते, इरल्याइतकं चांगलं काम ती करत नाही.

त्या दिवसांत नर्सरीत रोज पांडूदादा विचारायचा, "काय मास्तरीणबाई, किती ऱ्हायली?" मी म्हणायची, "मोजून सांगते." बाया हसायच्या. आई हसायची नाही, पिशवी जरा जोरात आपटायची.

गणपतीच्या आदल्या दिवशी बाबांच्या त्याच टेंपोतून आम्ही नर्सरीत उतरलो. सणाची गर्दी, झेंडूच्या राशी, चाचा गिऱ्हाइकात. मी पाट्या उतरवून ओट्यासमोर मांडल्या. सात झाडं, घुमटासारखी भरलेली, आणि शेळीच्या झाडाला तीन निळे तुरे. शेजारी चौतीस छोट्या पिशव्या.

पांडूदादाने मोजली. "सात."

"सात," मी म्हटलं.

"बारा दिल्ती."

चाचा म्हणाले, "आणि ही बच्चे कंपनी?"

"पैजंत पिल्लं मोजायची ठरली न्हवती, चाचा."

"नव्हती ठरली," मी म्हणाले. "पैज मी हरले. पाच मी मारली. कोणतं कशाने मारलं ते सगळं वहीत आहे. पण दादा, दरवर्षी इथे मरतात त्यांचं कोणी काही लिहून ठेवलंय का?"

मी आईकडे बघितलं. तोंड आवर असं ती या वेळी म्हणाली नाही.

पांडूदादाने एक छोटी पिशवी उचलली, उलटी करून तळहातावर ठोकली. मातीचा गोळा अलगद निघाला, भोवती पांढऱ्या मुळांची जाळी. तो ती उन्हात धरून बघत राहिला. "न्हाई लिवलं," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "लिवाय येत न्हाई मला." आणि जरा थांबून, "वाच बरं."

मी वाचलं. बांधाचं, तांब्याचं, काळ्या मुळांचं, मुरमाचं, शेळीचं, विळ्याचं. तो दोनदा म्हणाला, "थांब, ते परत वाच." शेणकाल्यापाशी आले तेव्हा त्याने डोळे मिटले. "आमच्याकडं पान मान टाकतं ते तहानंनं," तो म्हणाला. "हितं बुडून टाकतं, आन् मी वरनं आणि पाजतुया. किती वरसं." मग त्याने आपल्या शेजारचं गोणपाट झटकलं, पुन्हा नीट अंथरलं. "बस. पैज हरलीस ती हरलीस. पर हे मला शिकीव."

मी चप्पल काढून ओट्यावर चढले. गुडघाभर तर उंची, पण तिथून आख्खी नर्सरी दिसते, हायवेपर्यंत.

दिवाळीपर्यंत चौतीसांची तीनशे झाली आणि सगळी फुलली. फुलून गेलेला तुरा दोन पानांपर्यंत मागे कापला की पंधरा-वीस दिवसांत नवा येतो, हे त्याच महिन्यात कळलं, आणि ते कापणं हेच मोठं काम होऊन बसलं. एक्सप्रेसवे नुकताच झालेला, बंगले उठत होते, लोक गाडी थांबवून निळं फूल मागत होते. मी आणि पांडूदादा दोघं पुरे पडेनासे झालो. एका सकाळी तो ओट्यावरून ओरडला, "चाचा, हात कमी पडत्यात! अजून एक माणूस द्या कापायला."

चाचा कोणाला बोलवावं म्हणून शेडकडे बघत होते. आंब्याखालची थप-थप मध्येच तुटली. आई उठली. पदराला हात पुसले, अर्धी भरलेली पिशवी शेजारणीच्या मांडीत ठेवली, आणि सगळ्या बायांच्या देखत सरळ चालत ओट्यापाशी आली. चाचांकडे तिने बघितलंही नाही.

"पांडूदादा," ती म्हणाली, "सरका जरा तिकडं."

तो सरकला.